देवानांप्रिय



लहानपणीं आम्हांला संस्कृत शिकविणाऱ्या शास्त्रीबोवांच्या तोंडीं एक मोठा गोड शब्द असे. रामशब्दाची द्वितीया विचारली असतां एखाद्यानें तृतीया सांगितली, कीं ते छडी उगारीत नसत, आवाजही चढवीत नसत. चष्मा कपाळावर सरकवून शांतपणें म्हणत, "या, देवानांप्रिय, असे पुढें या." माझ्यावर हा प्रसंग प्रथम आला तेव्हां मी दहा वर्षांचा असेन. देवांना जो प्रिय तो देवानांप्रिय, एवढें संस्कृत मला तेव्हांही कळत होतें. घरीं येऊन मीं आजोबांना अभिमानानें सांगितलें, कीं आज शास्त्रीबोवांनीं चारचौघांत मला देवांचा लाडका म्हटलें. आजोबा हंसले नाहींत. त्यांनीं कपाटांतून वामन शिवराम आपटे यांचा जाडजूड कोश काढला, एक पान उघडून माझ्यापुढें ठेवलें आणि "वाच" म्हणाले. अडखळत कां होईना, पण इंग्रजी अक्षरें मला वाचतां येत होतीं. त्या शब्दापुढें पहिला अर्थ बोकड असा दिलेला होता, आणि दुसरा मूर्ख.

पुढें चार-पांच वर्षांनीं इतिहासाच्या पुस्तकांत अशोकाचा धडा आला, आणि तेथें हाच शब्द पुन्हां भेटला. रामशब्द चुकणाऱ्या मुलाला शास्त्रीबोवा ज्या नांवानें हांक मारीत, त्याच नांवानें भारताचा एक सम्राट आपला स्वतःचा उल्लेख करीत होता. तोही एकदां नव्हे, तर पेशावरकडच्या डोंगरांपासून थेट म्हैसूरच्या मुलखापर्यंत खडकाखडकांवर आणि खांबाखांबांवर. राजाच्या बिरुदाचा अर्थ मूर्ख असा कसा झाला, हें कोडें तेव्हांपासून माझ्या मनांत घर करून राहिलें.

या कोड्याचें एक उत्तर सर्वत्र प्रसिद्ध आहे. अशोक बौद्ध झाला, यज्ञांतील पशुहत्येला त्यानें विरोध केला. त्याचा राग ब्राह्मण पंडितांनीं मनांत धरला आणि त्याच्या आवडत्या बिरुदाला व्याकरणाच्या आडून मूर्ख असा अर्थ चिकटवून सूड उगविला, असें हें उत्तर. ऐकतांक्षणीं तें पटतें. पण तो कांहीं साधा शब्दार्थ नव्हे, तो एक आरोप आहे. तो खरा असेल तर आपल्या विद्येच्या परंपरेवर मोठा डाग लागतो. खोटा असेल तर दोन हजार वर्षांपूर्वींचें एक भांडण आपण उगीचच आजच्या माणसांच्या गळ्यांत बांधतों. तेव्हां साक्षीदारांना एकेक करून बोलावलें पाहिजे, आणि त्यांतला पहिला साक्षीदार खुद्द अशोकच.

अशोकाचे लेख वाचण्याची विद्याच आपल्या देशांतून नाहींशी झाली होती. ती परत आली १८३७ मध्यें. कलकत्त्याच्या टांकसाळेंत सोन्यारुप्याचा कस पाहणारा जेम्स प्रिन्सेप हा एशियाटिक सोसायटीचा चिटणीस होता. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचा शेवट पुष्कळदां त्याच दोन अक्षरांनीं होतो, हें त्याच्या ध्यानांत आलें. भक्तांनीं एकेक दगड दिला असेल, तर शेवटीं 'दानं' हाच शब्द असला पाहिजे, असा त्यानें तर्क केला. तो बरोबर ठरला, आणि त्या दोन अक्षरांच्या किल्लीनें दिल्लीच्या स्तंभाचें कुलूप उघडलें. आंत पहिलाच शब्द निघाला तो 'देवानंपिये'. देवानंपिय पियदसि राजा असें म्हणतो, अशी त्या लेखाची सुरुवात आहे.

पण हा राजा कोण? हिंदुस्थानच्या कोणत्याही वंशावळींत या नांवाचा राजा नव्हता. सिंहलद्वीपांत देवानंपिय तिस्स नांवाचा राजा होऊन गेला होता, म्हणून प्रिन्सेपनें प्रथम हे लेख त्याचेच ठरविले. सिंहलाच्या राजानें दिल्लीस खांब उभारावे ही कल्पना विलक्षणच. पण दुसरा इलाज नव्हता. त्याच सुमारास सिलोनांत सरकारी नोकरींत असलेल्या जॉर्ज टर्नरनें दीपवंस या पाली ग्रंथाच्या आधारें कळविलें, कीं पियदसि हें अशोकाचें दुसरें नांव. अशोक हें नांव त्याच्या स्वतःच्या लेखांत प्रत्यक्ष वाचावयास मिळालें तें मात्र पुष्कळ उशिरां, १९१५ मध्यें. तेव्हां निजामाच्या राज्यांत असलेल्या आणि आज कर्नाटकाच्या रायचूर जिल्ह्यांत मोडणाऱ्या मस्की या गांवीं, सोन्याच्या खाणींच्या कामावरील एका इंजिनिअराला तो लेख सांपडला. तेथें 'देवानंपिय' आणि 'अशोक' हीं दोन्हीं नांवें शेजारीं शेजारीं आहेत.

महाराष्ट्रालाही या राजाचा एक तुकडा मिळाला आहे. वसईजवळच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्यें अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक भाग मिळाला. पुढें १९५६ मध्यें जवळच्याच भुईगांवीं नवव्या लेखाचा तुकडा सांपडला. हा दुसरा तुकडा मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत कोणालाही पाहतां येतो.

या आठव्या लेखाकडे मला आपलें लक्ष विशेषेंकरून वेधावयाचें आहे. पूर्वींचे राजे शिकारीसारख्या करमणुकीच्या यात्रांना जात. मीं मात्र बोधिवृक्षाची यात्रा केली आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा मथितार्थ. हा एकच मजकूर अनेक ठिकाणीं कोरलेला आहे. गिरनारच्या खडकावर 'पूर्वींचे राजे' या अर्थीं सरळ 'राजानो' असा शब्द आहे. परंतु डेहराडूनजवळच्या कालसीस आणि आतां पाकिस्तानांत असलेल्या शाहबाजगढी व मानसेहरा येथें त्याच जागीं 'देवानंपिय' हा शब्द अनेकवचनीं घातला आहे. म्हणजे पूर्वींचे देवानंपिय शिकारीस जात असत! हे पूर्वींचे राजे बौद्ध नव्हते. याचा सरळ अर्थ असा, कीं देवानंपिय हें अशोकाचें एकट्याचें बिरुद नव्हतें. आपण 'श्रीमंत' किंवा 'महाराज' म्हणतों तसा तो राजाला लावण्याचा सर्वसाधारण शब्द होता. अशोकाचा नातू दशरथ यानें बिहारांतील नागार्जुनी टेकडीवर आजीविक साधूंना गुहा दान केल्या. तोही आपणांस देवानंपियच म्हणवितो. जैनांच्या अर्धमागधी आगमांत तर 'देवाणुप्पिया' हें संबोधन पानोपानीं येतें. तेथें राजा राणीला, राणी राजाला, धनी नोकराला आणि साधु गृहस्थाला याच शब्दानें हांक मारतो. आपल्याकडे 'अहो राव' म्हणावें तितकाच तो सौम्य आणि घरगुती आहे.

आतां सूडाची कथा जरा अडखळते. ज्याच्यावर राग, त्याचा एकट्याचाच जो शब्द नव्हे, तो विटाळून सूड तो कसला उगवणार? पण आरोप व्याकरणकारांवर आहे, म्हणून त्यांनाच विचारूं.

संस्कृतांत समास झाला कीं पहिल्या पदाचा विभक्तिप्रत्यय गळतो. राजाचा पुरुष तो राजपुरुष; मधली षष्ठी नाहींशी होते. पण शिवी द्यावयाची असेल तर षष्ठी गळत नाहीं, असा पाणिनीचा एक नियम आहे. चोराच्या कुळांतला असें कोणाला हिणवावयाचें झाल्यास षष्ठी तशीच ठेवून चौरस्यकुल म्हणावयाचें. हा नियम मला फार खरा वाटतो. कारण आपण मराठी माणसेंही रागावलों कीं 'लेकाच्या', 'चोराच्या' असें म्हणतों, आणि आपलाही सगळा राग त्या षष्ठींतच भरलेला असतो!

या नियमाला इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकाच्या आसपास कात्यायनानें कांहीं पुरवण्या जोडल्या. आणखीही कांहीं शब्दांत षष्ठी गळत नाहीं, असें सांगून त्यानें त्यांची यादी दिली, आणि त्या यादींत देवानांप्रिय हा शब्द आहे. सूडाच्या कथेचा सारा डोलारा या एका जागेवर उभा आहे. शिवीच्या नियमाखालीं हा शब्द आला, म्हणून ती शिवी! पण यादी पुरती वाचली पाहिजे. तिच्यांत वाचोयुक्ति आहे, म्हणजे बोलण्याची चातुरी. शुनःशेप हें वेदकाळच्या एका ऋषीचें नांव आहे. दिवोदास हें एका पुण्यश्लोक राजाचें नांव आहे. यांतली शिवी कोणती? आणि देवानांप्रिय ही जर शिवीच असती, तर ती पाणिनीच्या मूळ नियमांतच बसली असती. तिच्यासाठीं निराळी पुरवणी जोडण्याचें कात्यायनाला कारणच पडतें ना. ज्या शब्दांत शिवी नसूनही षष्ठी टिकते, त्यांच्याचसाठीं ही यादी आहे. ज्या पुरवणीवरून हा शब्द निंदेचा होता असें म्हणतात, तीच तो निंदेचा नव्हता याचा सगळ्यांत जुना पुरावा होय.

यानंतरचा साक्षीदार सर्वांत महत्त्वाचा, कारण तो शत्रुपक्षाचा म्हणून गणला जातो. पतंजलि हा इसवी सनापूर्वीं १५० च्या सुमारास होऊन गेला. मौर्यांचा शेवटचा राजा मारून गादीवर बसलेल्या पुष्यमित्र शुंगाच्या यज्ञाचा उल्लेख त्याच्या महाभाष्यांत येतो. मौर्यांबद्दल त्याला भीड नव्हती. मौर्यांनीं सोन्याच्या लोभानें मूर्ति तयार केल्या, असा टोमणा त्यानें जातां जातां मारून ठेवला आहे. देवानांप्रियाची टर उडवावयाची असती तर हाच काळ आणि हाच माणूस. आणि हा पतंजलि काय म्हणतो? आदरानें बोलावण्याच्या शब्दांची एक मालिका त्यानें दिली आहे; तींत भवान्, दीर्घायु आणि आयुष्मान् यांच्या पंक्तीला त्यानें देवानांप्रिय बसविला आहे.

महाभाष्यांत हा शब्द आणखी एका ठिकाणीं येतो, आणि ती गोष्ट मी आपल्याला सांगितल्याशिवाय राहूं शकत नाहीं. एक वैयाकरण रस्त्यानें चालला होता. उभा असलेला एक रथ पाहून त्यानें विचारलें, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथि पुढें होऊन नम्रपणें म्हणाला, आयुष्मन्, मी या रथाचा 'प्राजिता'. हांकणारा या एकाच अर्थाचे हे दोन शब्द. पण पाणिनीच्या नियमाप्रमाणें 'प्रवेता' हें रूप शुद्ध. वैयाकरणाला राहवतें कुठें? तो म्हणाला, हा अपशब्द झाला. त्यावर सारथ्यानें उत्तर दिलें, कीं देवानांप्रियाला नियमानें काय प्राप्त होतें तेवढें ठाऊक आहे, लोकांना काय इष्ट आहे तें ठाऊक नाहीं. हें रूप लोकांत मान्य आहे. वैयाकरण चिडला, आणि या 'दुरुता'नें आपल्याला छळलें म्हणून ओरडला. दुष्ट सूत असें त्याला म्हणावयाचें होतें, पण रागाच्या भरांत शब्दाची फोड चुकली. सारथि तितक्याच शांतपणें म्हणाला, सूत हा शब्द विणण्याच्या धातूपासून निघालेला नाहीं, प्रेरणा देण्याच्या धातूपासून निघाला आहे. निंदाच करावयाची तर 'दुःसूत' म्हणावें!

वैयाकरणांच्या महाग्रंथांत वैयाकरणाची अशी फजिती छापलेली आहे, हें मला नेहमींच कौतुकाचें वाटतें. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनीं महाभाष्याचें मराठी भाषांतर केलेलें असल्यामुळें ही गोष्ट आपल्याला मराठींतही वाचावयास मिळते. पण आपला मुद्दा निराळा आहे. सारथ्यानें पहिल्यानें 'आयुष्मन्' म्हटलें आणि नंतर 'देवानांप्रिय'. दोन्ही शब्द पतंजलीच्या आदराच्या यादींतले. पहिल्या वेळीं आदर खरा आहे. दुसऱ्या वेळीं शब्द आदराचाच, पण ओठाच्या कोपऱ्यांत किंचित् हंसूं आहे. शब्दाला पहिला तडा कोठें गेला तें मला विचाराल तर मी या रथाकडे बोट दाखवीन. तो तडा कोणा धर्मद्वेष्ट्यानें पाडलेला नाहीं. पंडिताच्या तोऱ्याला टांचणी लावणाऱ्या एका हजरजबाबी सारथ्यानें पाडला.

असे तडे पडावयास दुसरें कांहीं लागत नाहीं. आपली मराठीच पाहा. शहाणा या शब्दांत मुळांत वाईट काय आहे? पण "मोठे शहाणे आहांत" असें कोणी म्हटलें तर आपण त्याचे आभार मानीत नाहीं. दीडशहाणा तर अर्ध्याहूनही कमी शहाणा! "मोठा बृहस्पतीच लागून गेलास" या वाक्यांत देवांच्या गुरूची काय अवस्था होते! बाप पत्रांत मुलाला मनापासून 'चिरंजीव' लिहितो. पण "आमच्या चिरंजीवांनीं यंदा दिवे लावले" असें तो शेजाऱ्याला सांगूं लागला, कीं निकाल काय लागला हें विचारावें लागत नाहीं. आदराचा शब्द जितका मोठा, तितकी त्याची थट्टा सोपी. शिवाय देवाशीं जवळीक असलेल्या माणसाला व्यवहार कळत नाहीं ही समजूत फार जुनी. आपला देवभोळा हा शब्द तींतूनच आला. इंग्रजींतला सिली हा शब्दही असाच घसरत आला आहे. त्याचा मूळचा अर्थ धन्य, पुण्यवान्, मग निष्पाप, मग बापडा, आणि अखेर बावळट. तेथें कोणी बौद्ध सम्राट नव्हता आणि कोणी मत्सरी भटजीही नव्हता.

पतंजलीनंतर आठशें वर्षें लोटलीं तरी हा शब्द सभ्य समाजांत वावरत होता. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत तो आदरानेंच योजला आहे. याच सुमारास झालेल्या काशिका या व्याकरणग्रंथानें कात्यायनाची पुरवणी दिली, पण मूर्ख हा अर्थ तिला जोडला नाहीं. त्यानंतर वारें फिरलें. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या भाष्यांत प्रतिपक्ष्याला उलट प्रश्न विचारतांना त्याला देवानांप्रिय म्हणतात, तेव्हां तो आदर नाहीं हें सांगावयास टीकाकार नको. अकराव्या शतकांत काश्मिरांत मम्मटानें काव्यप्रकाशांत, तात्पर्य न समजणाऱ्या आपल्या विरोधकांना हाच शब्द दिला. येथें तर उपरोधाचा पडदाही गळून पडला आहे.

आणि बाराव्या शतकांत तो कोशांत जाऊन बसला. कोणाच्या कोशांत? आचार्य हेमचंद्राच्या. हेमचंद्र गुजरातेंत पाटणच्या दरबारीं होता. त्याच्या अभिधानचिंतामणींत मूर्ख, जड, मूढ यांच्या रांगेंत देवानांप्रिय हा शब्द आढळतो. हेमचंद्र ब्राह्मणधर्माचा कैवारी नव्हता, जैन होता. अहिंसेविषयीं अशोकाशीं त्याचें कोणतेंही भांडण असणें शक्य नव्हतें. ज्या आगमांत 'देवाणुप्पिया' हें मधुर संबोधन पानोपानीं आहे, ते त्याचेच पवित्र ग्रंथ. तरीही संस्कृत शब्दाचा अर्थ देतांना त्यानें मूर्ख असाच दिला, कारण त्याच्या काळच्या संस्कृतांत तोच अर्थ चालत होता. सूडाच्या कथेला हा एकच कोश पुरेसा भारी पडावा.

शेवटचा खिळा ठोकला तो इसवी सन १६०० च्या सुमारास काशीच्या भट्टोजी दीक्षितांनीं. सिद्धांतकौमुदींत कात्यायनाची ती पुरवणी उद्धृत करतांना तिच्या शेवटीं त्यांनीं एक शब्द जोडला, 'मूर्खे'. मूर्ख या अर्थीं षष्ठी गळत नाहीं; अन्यत्र देवप्रिय असा समास करावा. एका शब्दाची ही भर केवढी झाली पाहा! कात्यायनानें जो शब्द शिवीच्या बाहेर काढून ठेवला होता, तो भट्टोजींनीं पुन्हां आंत ढकलला. कौमुदी ही पुढें देशभर पाठशाळांतून तोंडपाठ होऊं लागली, आणि तिच्या हिशेबानें अशोकाचें बिरुद वाचावयाचें तर एक तर सम्राटाला समास येत नव्हता, किंवा तो स्वतःला मूर्ख म्हणवीत होता!

मग मूर्ख हा देवांना प्रिय कां, हें सांगण्याची जबाबदारी टीकाकारांवर आली, आणि तीही त्यांनीं मोठ्या हुशारीनें पार पाडली. मनुष्याला जसे पशु उपयोगी पडतात, तसा आत्मज्ञान नसलेला मनुष्य देवांना उपयोगी पडतो, आणि आपला पशु हातचा जावा हें कोणालाच आवडत नाहीं, असा एक विचार बृहदारण्यक उपनिषदांत आहे. तोच येथें लागू करण्यांत आला: मूर्ख हा देवांचा पशु, म्हणून देवांचा लाडका. आपट्यांच्या कोशांतील बोकडाचा अर्थ मला आतां कोठें उमगला. यज्ञांत ज्याचा बळी जातो तो देवांना प्रिय असणारच. बोकडाचें मत कोणी विचारलेलें दिसत नाहीं.

अशोकाच्या लेखांतला आणखी एक शब्द असाच खालीं आला आहे. 'पासंड' म्हणजे पंथ, संप्रदाय. बाराव्या शिलालेखांत हा राजा कळकळीनें सांगतो, कीं सर्व पासंडांचा आदर करावा. आपल्याच पासंडाची स्तुति आणि दुसऱ्याची निंदा करूं नये, कारण तसें करणारा स्वतःच्याच पासंडाची हानि करतो. हाच शब्द पुढें पाषंड, पाखंड झाला आणि आज मराठींत पाखंडी म्हणजे नास्तिक किंवा ढोंगी. या दुसऱ्या शब्दाच्या बाबतींत मात्र पंथापंथांच्या वैराचा हात होता, हें मला मान्य केलें पाहिजे. दुसऱ्याचा पंथ तो पाखंड, ही व्याख्या भांडणांतूनच जन्माला येते.

म्हणून मी असें म्हणणार नाहीं, कीं ब्राह्मणी वाङ्मयानें अशोकाला न्याय दिला. पुराणांनीं मौर्यांच्या वंशावळींत त्याचें नांव आणि राज्याचीं छत्तीस वर्षें तेवढीं नोंदलीं. कलिंगाच्या युद्धानंतर ज्यानें आपला पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवला, त्याच्यासाठीं एक ओळही त्यांनीं अधिक खर्चिली नाहीं. अन्याय झालाच. पण तो सूडाचा नव्हता, विसराचा होता, आणि माझ्या मतें तो अधिक मोठा. सूड घेणाऱ्याला निदान शत्रु कोण होता हें आठवत असतें. मूर्ख या अर्थीं हा शब्द लिहिणाऱ्या मम्मटाला, हेमचंद्राला किंवा भट्टोजींना हें एका सम्राटाचें बिरुद होतें हें माहीत असण्याचा संभवच नव्हता, कारण तीं अक्षरें वाचणारा कोणीही उरला नव्हता. गिरनार हें जैनांचें महातीर्थ. जुनागढहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरच अशोकाचा तो खडक आहे. हेमचंद्राच्या काळचे यात्रेकरू त्याच्याच बाजूनें जात-येत होते. मूर्ख या अर्थाचा शब्द म्हणून जो कोशांत नोंदला जात होता, तोच त्या खडकावर राजाचें नांव म्हणून उभा होता, आणि दोघांची गांठ पडली नाहीं.

१३५६ च्या सुमारास दिल्लीचा सुलतान फिरोजशहा तुघलक यानें अंबाल्याकडील टोपरा या गांवचा अशोकस्तंभ उपटून यमुनेंतून होड्यांवर दिल्लीस आणविला. कापूस आणि वेत गुंडाळून, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर घालून, हजारों माणसांनीं ओढून तो नदीपर्यंत नेला, असें त्याच्या दरबारच्या अफीफ या इतिहासकारानें वर्णिलें आहे. मग सुलतानानें ब्राह्मण पंडितांना बोलावून त्यावर काय लिहिलें आहे तें विचारलें. कोणालाही वाचतां येईना. त्यांतल्या कांहींजणांनीं मात्र धीर करून सांगितलें, कीं फिरोज नांवाचा सुलतान होईपर्यंत हा खांब कोणालाही हलवितां येणार नाहीं, असें यावर लिहिलेलें आहे! त्या स्तंभावर 'देवानंपिये' हा शब्द अगदीं आरंभींच आहे. तो वाचतां येत नसतांही तो शब्द आपल्याला पूर्णपणें लागू करून घेणारे पंडित एवढ्या सोईनें एकत्र जमल्याचा दाखला इतिहासांत दुसरा नसावा. पुढें प्रिन्सेपनें १८३७ मध्यें वाचला तो हाच स्तंभ.

आमचे शास्त्रीबोवा पुष्कळ वृद्ध होऊन निवर्तले. त्याच्या आदल्या वर्षीं मी त्यांना भेटावयास गेलों, तेव्हां कालसीच्या आठव्या लेखाचा छापील ठसा आणि त्याचें नागरी अक्षरांतलें वाचन बरोबर नेलें होतें. पूर्वींचे देवानंपिय विहारयात्रेस जात, या ओळीवर मीं बोट ठेवलें. त्यांनीं ती ओळ तीनदां वाचली. कात्यायनाची यादी त्यांना पाठ होतीच. दिवोदासापर्यंत ती त्यांनीं मनाशीं पुटपुटली आणि थांबले. थोड्या वेळानें म्हणाले, "साठ वर्षें कौमुदी शिकविली, पण शिवी नाहीं तर ही पुरवणी कशाला, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानें विचारला नाहीं. मींही विचारला नाहीं." मग फळीवरची आपली जुनी कौमुदी त्यांनीं मला काढून द्यावयास सांगितली. अलुक्समासाचें प्रकरण उघडून, पेन्सिल थुंकीनें ओली करून, 'मूर्खे' या शब्दाशेजारच्या समासांत त्यांनीं बारीक अक्षरांत दोनच शब्द लिहिले: अन्यत्र राजा.